विद्यार्थी-प्रतिसाद यंत्रणा

वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर एकाच वेळी नोंदवून त्या सर्वांचा गोषवारा शिक्षकापुढे तत्काळ मांडणारी व्यवस्था. मोठ्या वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारला, की ठराविक चारपाच हात वर होतात. उरलेले विद्यार्थी गप्प राहतात. चुकल्यास हसे होईल, या भीतीने गप्प राहणाऱ्यास नाव उघड न होता उत्तर देता यावे आणि विषय वर्गाला कितपत समजला, हे शिकवीत असतानाच शिक्षकास कळावे, हे या यंत्रणेचे प्रमुख हेतू होत.

इतिहास : यंत्राद्वारे उत्तरे तपासण्याचा प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०–३० या दशकात ओहायओ राज्य विद्यापीठात केला. पुढे १९५४ पासून बी. एफ्. स्किनर यांनी अध्यापन-यंत्रांचा हिरिरीने पुरस्कार केला. मात्र ही यंत्रे एकेका विद्यार्थ्यासाठी होती. संपूर्ण वर्गासाठी प्रतिसाद यंत्रणा स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६६ मध्ये व कॉर्नेल विद्यापीठात १९६८ मध्ये बसविण्यात आल्या. त्या काळच्या यंत्रणांत विद्यार्थ्यांच्या आसनांवरील कळा तारांनी शिक्षकाच्या मेजाशी जोडलेल्या असत. विद्यार्थ्यांना हे साधन आवडले. तथापि त्या काळातील पाहण्यांत त्यांच्या संपादनात लक्षणीय वाढ आढळली नाही. प्रश्न, उत्तर आणि बरोबर-चूक यांचा निर्वाळा एवढ्यावरच तेव्हाचा वापर बहुधा थांबत असे.

या विचारास वेगळे वळण हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ मध्ये दिले. त्यांच्या पद्धतीत थोड्या विवेचनानंतर संकल्पनेवर आधारलेला बहुपर्यायी प्रश्न विचारला जातो. प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर दिल्यावर विद्यार्थी शेजाऱ्याशी चर्चा करून आपले म्हणणे पटवून देतात व पुन्हा उत्तर देतात. बलविषयक संकल्पनांच्या एका प्रमाणित चाचणीत, शक्य असलेल्या सुधारणेपैकी प्रत्यक्ष झालेली सुधारणा १९९० च्या पारंपरिक वर्गात ०·२५ होती. १९९१ मध्ये ती ०·४९ झाली. विशेष म्हणजे मेझर यांच्या वर्गात इलेक्ट्रॉनिक साधन १९९३ मध्ये आले. तोपर्यंत हात वर करणे व कागदावर उत्तरे नोंदविणे यांवरच काम चाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अवरक्त किरणांवर आणि त्यानंतर रेडिओ तरंगांवर चालणारी ‘क्लिकर’ ही हातात मावणारी साधने प्रचारात आली. पुढे मोबाइल दूरध्वनीनेही तेच कार्य साधू लागले.

मूल्यमापन : चर्चेत हुशार विद्यार्थ्याचे उत्तर इतर जण केवळ उचलतात, असा एक आक्षेप घेतला जाई. कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गात चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावयास दिला असता विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली आढळली. गटात प्रारंभी कोणासच बरोबर उत्तर ठाऊक नसतानाही ही सुधारणा दिसली, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरांच्या अचूकतेस अधिक गुण ठेवले, तर मात्र जाणकार विद्यार्थीच चर्चेचा ताबा घेतो, असे मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये दाखविले. म्हणजे ज्या संकोची विद्यार्थ्यासाठी यंत्रणा योजली, तोच पुन्हा मागे पडतो.

नेथॅनियल लास्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील तुलनेत क्लिकर वापरणारे व कागदी पत्ते दाखविणारे वर्ग यांच्या संकल्पनाज्ञानात लक्षणीय फरक आढळला नाही. अल्प साधनांच्या शाळांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील गटाने २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी छापील पत्ते वर धरतात आणि साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावरून संगणक त्यांची उत्तरे वाचतो. पत्त्यावरील खूण शेजाऱ्यास सहज वाचता येत नसल्याने उत्तर गुप्त राहते. यंत्रामुळे उत्तरांची मोजणी जलद व गुप्त होते. परंतु विद्यार्थ्याचा खरा सहभाग विचार करावयास लावणाऱ्या प्रश्नावर, चर्चेस दिलेल्या वेळावर आणि चुकण्याच्या मोकळिकीवर अवलंबून असतो.