जुनी पत्रे आणि विरामचिन्हे

‘पुढील वाक्यांत योग्य विरामचिन्हे घाला’ अशा सूचनेचा पाठ शालेय व्याकरणांत हमखास असतो. त्यातील वाक्ये बहुधा निर्जीव असतात. म्हणून ती इतिहासातून घ्यावीत, ही सूचना आम्हांस मान्य आहे. मात्र मराठीत हा अभ्यास वाटतो तितका सोपा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी ह्यांच्या प्रयत्नाने इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजली. तत्पूर्वीच्या पोथ्यांत दंड असे. मोडी पत्रांत तेवढाही आधार नव्हता. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची, अशी रीत. शब्द कोठे तुटतो हेसुद्धा वाचणाऱ्याने ओळखावयाचे. तरी पत्रे वाचली जात, कारण चिन्हांचे काही काम शब्दच करीत. ‘विशेष’, ‘ऐसीयास’, ‘बहुत काय लिहिणे’ ह्या शब्दांवर मजकूर वळे किंवा थांबे, आणि ‘म्हणोन’ आले की दुसऱ्याचे बोलणे संपले असे समजावे.

पण ते बोलणे सुरू कोठे झाले? खरी अडचण येथे आहे. हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते. अशा वकिलाच्या धाटणीचे एक वाक्य आम्हीच रचून पाहतो : ‘नवाबाचे मनात तह करावा परंतु कारभारी अनुकूल नाहीत म्हणोन बोलले’. अवतरणचिन्ह आरंभी घातले, तर सारेच दुसऱ्या कोणाचे बोलणे ठरते. ‘परंतु’नंतर घातले, तर नवाबाच्या मनाचा अंदाज खुद्द वकिलाचा होतो. पुण्यास कोणती बातमी पोचली, हे त्या चिन्हावर अवलंबून आहे.

स्वल्पविरामाचेही तसेच. ‘सरदार आले दुसरे दिवशी कूच केले’ ह्यात तो ‘आले’पाशी द्यावा की ‘दिवशी’पाशी? मोहिमेच्या तारखा लावणाऱ्यास हा एका दिवसाचा फरक क्षुल्लक नव्हे.

इंग्रजीच्या अभ्यासात ह्याच जोडीने मोठी अक्षरेही दुरुस्त करावयाची असतात. देवनागरीत ती नाहीत. असती तर ‘भाऊ’ म्हणजे सदाशिवरावभाऊ की कोणाचा बंधू, हा घोटाळा पुष्कळ कमी झाला असता. अर्थात ‘नाना’ म्हणजे नानासाहेब पेशवे की नाना फडणीस, हे मोठ्या अक्षरानेही कळले नसते. तेथे पत्राची मिती आणि लिहिणाराचे नातेच पाहावे लागते.

१८९८ साली राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तेव्हापासून अशा पत्रांचे कितीतरी छापील संग्रह आपल्या हाती आले. जुन्या मोडी पत्राच्या छापील पाठात स्वल्पविराम दिसला, तर तो संपादकाचा असतो, पत्रलेखकाचा नव्हे. ही गोष्ट विद्यार्थ्यांस सहसा सांगितली जात नाही, आणि आमची तक्रार आहे ती हीच. संपादक थोर असला तरी त्याचे चिन्ह हा त्याचा अभिप्राय होय.

म्हणून वर्गात असा उतारा देताना शिक्षकांनी छापील चिन्हे आधी पुसून टाकावीत, आणि मागे एकच उत्तर छापू नये. एकाच ओळीवर दोन मुलांनी दोन ठिकाणी पूर्णविराम दिला, तर गुण देण्यापूर्वी दोघांनाही कारण विचारावे.