अल्कोहोलची तीन शिखरे

कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा, ऑक्सिजनचा एक. एवढ्याच अणूंतून इथाइल अल्कोहोल बनते आणि डायमिथाइल ईथरही. दोन्हींची रचनासूत्रे आपण फळ्यावर काढतो. पण रेणूतला कोणता हायड्रोजन कोठे आहे, हे कळते कसे?

चुंबकीय क्षेत्रातील प्रोटॉन ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषतात, हे १९४६ साली ब्लॉक आणि पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. यालाच आपण प्रोटॉन एन.एम.आर. म्हणतो. सगळे प्रोटॉन सारखेच, मग शिखरही एकच हवे. परंतु १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांना इथाइल अल्कोहोलची तीन शिखरे दिसली. त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण होते १:२:३. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन एक, मधल्या कार्बनवरचे दोन, टोकाच्या कार्बनवरचे तीन! भोवतालचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनला कमी-अधिक झाकतात, म्हणून हा फरक. ईथरमधले सहाही हायड्रोजन समान, म्हणून त्याचे शिखर एकच.

अणुकेंद्राचे चुंबकत्व अचूक मोजू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना असा फरक अडचणीचा वाटे. रसायनशास्त्रज्ञांना त्यातूनच रेणूची रचना वाचता येऊ लागली. एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एन.एम.आर.चा संशोधनगट उभारला.

प्रयोगवहीतला न जुळणारा आकडा विद्यार्थी खोडू लागला, तर आपण त्याला ही तीन शिखरे जरूर दाखवावीत.