शाळा, शिक्षण आणि शहाणपण

शिकलेला मनुष्य शहाणा असतोच काय, आणि न शिकलेला अडाणीच समजावा काय, हा प्रश्न जुना आहे. आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेले आणि पुढचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालविलेले. तेव्हा या प्रश्नात आमचा थोडा स्वार्थ आहे, हे प्रथमच कबूल करतो. उत्तर शोधावयास मात्र दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या वऱ्हाडातील दोन चरित्रे पुरेशी आहेत.

पहिले आपल्याच तालुक्यातले. पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मले. चांदूर रेल्वे, अमरावती, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असे करीत ते विलायतेस गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डचे डॉक्टर झाले. एवढ्या विद्येवर सुखाने वकिली करीत बसता आले असते. पण परत आल्यावर १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून झालेल्या लढ्यात ते उभे राहिले. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कुणब्याच्या मुलाला शाळेची वाट दाखविली. वेद पुष्कळांनी वाचले होते. ते वाचून देवळाचे दार उघडा म्हणणारे थोडे. हा प्रश्न ऑक्सफर्डच्या परीक्षेत आलेला नव्हता.

दुसरे गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी जन्मलेला हा मुलगा दापुऱ्यास मामाकडे गुरे राखीत व नांगर धरीत वाढला. शाळेची पायरी त्याने चढली नाही. पुढे कीर्तनात बाबा सांगत कमी आणि विचारीत अधिक. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्याने एकही परीक्षा दिली नाही, त्याचे नाव हजारो पदवीपत्रांवर आहे!

येथे टाळी पडते, आणि शाळेत काय ठेवले आहे, असे कोणीतरी म्हणतो. असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा शाळेत असतात. बाबांनी मात्र तसे कधी म्हटले नाही. जेवणाचे ताट विका, पण पोरांना शिकवा, हाच त्यांच्या सांगण्याचा आशय होता. चरित्रकार सांगतात की, त्यांच्या मामांनी सावकाराचे देणे दिले, पण पावती घ्यायची राहिली आणि शेत हातचे जाऊ लागले. पावतीची किंमत बाबांना कोणा पदवीधराने शिकवावी लागली नसेल.

ही पावती आम्हीही पाहिली आहे. तरुणपणी एका जिनिंगमध्ये आम्ही हमाली करीत होतो. तेथे कपाशीतली कवडी वेचणाऱ्या एक मावशी चुलीमागच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढीत. चुकाऱ्याच्या दिवशी चार रोज कमी निघाले. मुनीमाने मस्टर पुढे केले. त्यावर मावशींचा अंगठा होता. बुद्धी कमी होती काय? हिशेब तर त्यांचाच बरोबर होता. पण भिंतीवरची रेघ कागदावर चालत नाही.

आम्हांला अक्षर येत होते, कायदा येत नव्हता. म्हणजे त्या दिवशी दोघेही अडाणीच ठरलो. मग एका गुरुजींच्या मदतीने १९४८ च्या कारखाना कायद्याचे मराठी पुस्तक आम्ही रात्री कंदिलापाशी वाचू लागलो. एकेका कलमास आठवडा लागे. पुढच्या हंगामात दर शनिवारी मस्टर सर्वांना मोठ्याने वाचून दाखविण्याचा पायंडा आम्ही पाडला. मावशींचे ते चार रोज मात्र अखेरपर्यंत मिळाले नाहीत.

शाळा अक्षर देते. ते पुढे वाढविणे हे जन्मभराचे काम आहे. आणि शहाणपण म्हणजे आधी काय शिकावे व कशासाठी, हे ओळखणे. हे आम्हांला मावशींनी शिकविले. सही शिकवितो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नाव मंग पाहू, बापू. पयले आकडे शिकव."