जुन्या तबकडीचा शुद्ध पाठ

इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कुणी काही सांगितले, की तो पहिल्यांदा विचारतो, "मूळ प्रत कुठे आहे?" शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना ही खोड माझ्या अंगात इतकी मुरली आहे, की घरची मंडळी त्यावरून माझी थट्टा करतात. ह्या वेळी मी ज्या मूळ प्रतीबद्दल लिहिणार आहे ती ताम्रपटाची नाही की मोडी कागदाची नाही. ती आहे बीटल्स ह्या इंग्रज गायक-वादकांच्या तबकड्यांची. दिवाळी अंकात हे पाहुणे कुठून आले, असे काही वाचकांना वाटेल. पण ह्या तबकड्यांच्या सुधारित आवृत्तीची जगभरातल्या रसिकांनी बावीस वर्षे वाट पाहिली. ती का पाहिली, हे शोधू गेल्यास आपल्या पोथ्यांचा इतिहासही थोडा अधिक कळतो.

माझ्यापुरती ही कथा १९८६ साली बेळगावच्या कॅम्पात सुरू होते. मी आणि माझा एक कानडी मित्र अकरावीत होतो. घरी तो कानडी बोलायचा, मी मराठी, आणि आमचे आपसांतले बोलणे दोहोंची भेळ असायची. कॅम्पात एक निवृत्त मेजरसाहेब एकटेच राहत. मूळचे सातारकडचे, पण पलटणीच्या निमित्ताने बेळगावात आले आणि इथलेच झाले. १९६५च्या लढाईत त्यांचा उजवा कान गेला होता. त्यांच्याकडे दोन स्पीकरांचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्यांच्या थोरल्या बंधूंनी विलायतेहून आणलेल्या दहा-बारा तबकड्या होत्या. त्यांतली 'रबर सोल' ही आमची सर्वांत लाडकी.

तिच्यात आम्हाला गिटार ऐकू येई, ढोल ऐकू येई, एका गाण्यात तर चक्क सतार. मात्र गाणारा माणूस कुठे सापडत नसे. फार कान दिला, तर विहिरीच्या तळाशी कुणी बोलावे तसा पुसट आवाज यायचा. वर्षभर आमची पक्की समजूत होती, की ही नुसत्या वाद्यांची तबकडी आहे.

माझ्या मित्राला विजेच्या कामाचा नाद. एकदा धूळ झटकताना त्याला दिसले, की उजव्या स्पीकरची तार उंदरांनी कुरतडली आहे. त्याने ती सोलून जोडली, सुई ठेवली आणि ओरडला, "अरे, आत माणूस आहे की रे!" उजव्या खोक्यातून तीन-तीन गळे एकदम गात होते. आम्ही अवाक झालो. मेजरसाहेब आरामखुर्चीत बसून हसत होते. मी विचारले, "साहेब, तुम्हाला ठाऊक नव्हतं का आवाज येत नाही ते?" ते म्हणाले, "ठाऊक होतं की. पण मला सगळं पाठ आहे, बाळ. माझं मी आतून ऐकत होतो."

असे का झाले असेल, ह्याचे उत्तर मला पुढे अनेक वर्षांनी वाचनात मिळाले, आणि त्यातच ह्या सगळ्या प्रकरणाची मेख आहे.

बीटल्सचे बहुतेक ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय. कंपनीच्या स्टुडिओत झाले. निर्माते होते जॉर्ज मार्टिन. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, म्हणजे एका दिवसात, त्यांनी पहिल्या अल्बममधली दहा गाणी मुद्रित केली. त्या वेळच्या यंत्राच्या फितीवर दोनच पट्टे असत. एका पट्ट्यावर वाद्ये, दुसऱ्यावर गळे. ही दोन पट्ट्यांची सोय एक आवाज दुसऱ्याच्या प्रमाणात नीट बसवता यावा एवढ्यासाठीच होती. शेवटी दोन्ही पट्टे एकत्र करून एकाच स्पीकरसाठी मिश्रण होई. ते मोनो. त्या काळी इंग्लंडातल्या बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा प्लेअर होता. म्हणून मोनो मिश्रणावर मार्टिन आणि ते चौघे जीव ओतून बसत. दोन स्पीकरांचे स्टिरिओ मिश्रण मागाहून उरकले जाई, बहुधा चौघांच्या गैरहजेरीत. पुढे १९६३च्या अखेरीस चार पट्ट्यांचे यंत्र आले, तरी १९६५च्या 'रबर सोल'च्या स्टिरिओत बहुतेक ठिकाणी वाद्ये डावीकडे आणि गळे उजवीकडे अशी उघडउघड वाटणी राहिली. मेजरसाहेबांची उजवी तार तुटली आणि गाणाराच नाहीसा झाला, तो ह्यामुळे.

मोनो आणि स्टिरिओ ह्यांत नुसता डाव्या-उजव्याचा फरक असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण हे दोन वेगळे पाठ आहेत. १९६७च्या 'सार्जंट पेपर' अल्बममध्ये घर सोडून जाणाऱ्या मुलीचे एक गाणे आहे. ते मोनोत किंचित जलद आणि चढ्या स्वरात आहे, स्टिरिओत संथ. १९६८च्या दुहेरी अल्बममधले 'हेल्टर स्केल्टर' स्टिरिओत साडेचार मिनिटांच्या आसपास चालते आणि शेवटी रिंगो स्टार बोटांना फोड आल्याचे ओरडून सांगतो. मोनोत ते बरेच आधी संपते, आणि ती आरोळीही नाही. ज्याने लहानपणी जो पाठ ऐकला, त्याच्या लेखी तोच खरा.

हे वाचताना मला नाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, पदरच्या ओव्या घुसल्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि ह्यात पुन्हा कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. तरी वाद मिटला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक प्रत नाथांच्याही आधीची म्हणून छापली आणि विद्वानांत पुन्हा खडाजंगी झाली. धर्मग्रंथाची आणि नाचगाण्याची बरोबरी मी करीत नाही. पण शुद्ध करणाऱ्यापुढचा पेच दोन्हीकडे एकच असतो. काय चूक म्हणून काढायचे, आणि काय जुने म्हणून राखायचे?

बीटल्सच्या तबकड्या सीडीवर पहिल्यांदा आल्या त्या १९८७ साली. २६ फेब्रुवारीला पहिले चार अल्बम निघाले, तेही फक्त मोनोत. लगेच कुरकुर सुरू झाली, की स्टिरिओ कुठे गेले? त्यानंतरचे 'हेल्प' आणि 'रबर सोल' हे दोन अल्बम जॉर्ज मार्टिन ह्यांना जुन्या स्टिरिओत पसंत पडले नाहीत. त्यांनी मूळ फितींवरून नवे मिश्रण केले आणि दूरदूर बसलेले आवाज थोडे मध्याकडे ओढले. म्हणजे मेजरसाहेबांच्या तबकडीतला पाठ त्या दिवसापासून दुकानातून अदृश्य झाला. बाकीचे अल्बम त्याच वर्षी स्टिरिओत आले. त्यांचे मोनो पाठ मात्र जुन्या तबकड्यांतच उरले.

सीडीचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्या पहिल्या सीडी अनेकांना कोरड्या, काचेरी वाटल्या. पुढे तंत्र सुधारले. लेड झेपेलिनची गाणी १९९० साली जिमी पेजच्या देखरेखीखाली नव्याने सिद्ध झाली, रोलिंग स्टोन्सचे जुने अल्बम २००२ मध्ये झाले, आणि बीटल्सचा मूळ संच जिथल्या तिथे. मधूनमधून काही हाती लागे. १९९९ मध्ये 'यलो सबमरीन'ची गाणी नव्या मिश्रणात आली, २००० साली पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा संग्रह आला. पण ते जेवणाआधीच्या चटणी-कोशिंबिरीसारखे होते. भूक वाढायची, पान वाढले जायचे नाही. दर वर्षी अफवा उठे, की यंदा निघणार. यंदाही निघत नसे.

शेवटी ७ एप्रिल २००९ रोजी अधिकृत घोषणा झाली. तारीख ठरली ९-९-०९. ॲबी रोडच्या ध्वनितंत्रज्ञांचा एक चमू त्याआधी चार वर्षे ह्या कामाला लागला होता. मूळ फिती एकेक गाणे करून संगणकावर उतरवल्या गेल्या. प्रत्येक गाण्यानंतर यंत्राचे डोके पुसले जाई, कारण जुन्या फितीची भुकटी त्यावर साचते. विजेची टकटक, मायक्रोफोनवर आदळलेला श्वास, फीत जोडतानाच्या चुका ह्या जमतील तितक्या दूर केल्या. पण वादनाचा भाग असलेले आवाज तसेच ठेवले. 'अ डे इन द लाइफ' ह्या गाण्याच्या अखेरीस पियानोचा स्वर विरत असताना खुर्ची करकरते, ती आजही करकरते. एकूण ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांहूनही कमी भागात खरखर कमी करणारे तंत्र वापरले गेले. मला ह्या आकड्याचे फार कौतुक वाटते. हातात झाडू असूनही त्यांनी अंगणातले दुर्वांकुर उपटले नाहीत.

आणखी एक शहाणपण त्यांनी केले. स्टिरिओचा एक संच काढला, आणि मोनोचा वेगळा. मोनो संच आधी दहा हजारच काढायचे ठरले होते. पण आगाऊ मागणी इतकी झाली, की अधिक काढावे लागले. सोय पाहिली तर स्टिरिओ बरे. तरीही एवढे लोक एका स्पीकरच्या पाठासाठी का हटून बसले? चौघांनी स्वतः बसून ज्याला मान्यता दिली, तो त्यांना हवा होता. म्हणजे तेही मूळ प्रतच मागत होते. ह्या मोनो संचात 'हेल्प' आणि 'रबर सोल'च्या सीडींवर मोनोच्या जोडीला १९६५चे जुने स्टिरिओही दिले होते. मार्टिन ह्यांचे १९८७चे मिश्रण स्टिरिओ संचात होतेच. पाठभेद लपवला नाही, शेजारी ठेवला. चांगला संपादक हेच करतो.

ह्या कथेत आपल्या मुंबईचाही एक कोपरा आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आला होता. 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने आपल्याकडचे वादक जमवले. त्यांत संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर होते. त्याच मुक्कामात, १२ जानेवारीला, 'द इनर लाइट' ह्या बीटल्सच्या गाण्याचे वादन मुद्रित झाले. गळा पुढच्या महिन्यात लंडनला चढला. मार्चमध्ये गाणे निघाले ते मोनोत. त्याचे स्टिरिओ मिश्रण व्हायला १९७० साल उजाडले. ॲबी रोडला जपून ठेवलेल्या त्या कपाटात आपल्या शहाजणे-बासरीचाही आवाज आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

त्यानंतरचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. २०१७ पासून जॉर्ज मार्टिन ह्यांचे चिरंजीव जाइल्स ह्यांनी 'सार्जंट पेपर'पासून एकेका अल्बमचे नवे मिश्रणच केले. २००९चे काम जीर्णोद्धाराचे होते, हे नव्या बांधकामाचे. २०२२च्या 'रिव्हॉल्व्हर'साठी तर एकाच पट्ट्यावर मिसळून गेलेले गळे आणि वाद्ये संगणकाने वेगळी काढली. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने ते तंत्र घडवले होते. त्याच्याच जोरावर जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमधला गळा सोडवून २०२३ मध्ये 'नाउ अँड देन' हे गाणे पुरे झाले. जे काम आमच्याकडे एका उंदराने केले होते, ते आता संगणक करतो. मला त्याचा विरोध नाही. अट एवढीच, की नवे आले म्हणून जुने दुकानातून आणि कपाटातून उठू नये. १९८७ला जे झाले, ते पुन्हा होऊ नये.

२००९च्या नाताळात माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडहून सुट्टीला आला तो मोनो संच घेऊनच. "सर, तुम्ही वर्गात सांगत होता ना त्या तुटक्या तारेची गोष्ट?" असे म्हणून त्याने पेटी माझ्या हातात ठेवली. मेजरसाहेब जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मित्र हुबळीला विजेच्या खात्यात होता. निरोप मिळताच पुढच्या रविवारी तो सकाळच्या गाडीने आला.

आधी आम्ही 'रबर सोल' मोनोत ऐकले. गळे आणि वाद्ये एका जागी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असल्यासारखी. तेवीस वर्षांत आम्ही असे ते कधी ऐकले नव्हते. माझ्या मित्राने मान डोलावली, म्हणाला, "भारी आहे. पण हे आपलं नव्हे."

मग आम्ही त्याच सीडीवरचे १९६५चे स्टिरिओ लावले. डावीकडे वाद्ये, उजवीकडे गळे. थोडा वेळ तो गप्प बसून राहिला. मग उठला, टेबलामागे वाकला आणि उजव्या स्पीकरची तार उपसून काढली. विहिरीच्या तळातून यावा तसा पुसट आवाज येऊ लागला.

आता शब्द आम्हाला पाठ होते. दोघांनीही तार पुन्हा जोडायची घाई केली नाही.