यंत्राचा ताप आणि माणसाचा गारवा

वसंत ऋतूचे गुणगान कवींनी करावे आणि पुण्या-नाशिकच्या रसिकांनी ते डोलत ऐकावे, हे ठीकच आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात मात्र पळस फुलला की कोकिळेच्या आधी आठवण होते ती वाळ्याच्या ताट्यांची. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणे येथे नित्याचेच. एखाद्या वर्षी तो ४८ च्याही घरात जातो. अशा मुलखात मोटारीचा इतिहास सांगावयाचा, तर तिच्या वेगापेक्षा तिच्या तापाविषयी बोलणेच अधिक उचित ठरेल.

मोटार चालते ती पेट्रोलच्या उष्णतेवर. परंतु त्या उष्णतेचा फार तर चौथा हिस्सा चाकांना मिळतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुराबरोबर जाते, आणि सुमारे एक तृतीयांश इंजिनाच्या भिंतींतून पाण्याला द्यावी लागते. हे पाणी निववावयाचे कसे, हा प्रश्न मोटारीच्या जन्माबरोबरच जन्माला आला. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई, आणि वाटेत पुन्हा पुन्हा ते भरावे लागे. जेवढा वेग अधिक तेवढी तहान अधिक! १९०१ साली डाइमलर कारखान्यातील विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. पूर्वी जेथे १८ लिटर पाणी लागे, तेथे आता ९ लिटर पुरू लागले. शर्यतीच्या गाडीचा खरा इतिहास येथून सुरू होतो, असे आम्हांस वाटते. कारण इंजिनाची शक्ती वाढविणे एक वेळ सोपे. त्या शक्तीचा ताप वाहून नेणे कठीण.

यानंतरच्या अर्धशतकात युरोपातील कारागिरांनी देखण्या, चपळ गाड्या घडविल्या. कोव्हेंट्रीच्या जग्वार कारखान्याची एक्सके १२० ही गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आली, आणि ई-टाइप १९६१ साली जिनिव्हात. त्यांचे लांब, निमुळते नाक पाहून पाहणारा हरखून जाई. परंतु त्या नाकातून हवा जावयाची ती इंग्लंडच्या उन्हाळ्यातली, हे विसरता कामा नये. आपण साधा हिशेब करू. इंजिनाचे पाणी ९५ अंशांवर आहे आणि बाहेरची हवा २० अंशांवर, तर दोहोंत ७५ अंशांचे अंतर पडते. तीच गाडी आमच्या वैशाखात ४६ अंशांच्या हवेत आणली की अंतर उरते ४९ अंशांचे. रेडिएटरची उष्णता टाकण्याची शक्ती या अंतरावर अवलंबून असते. म्हणजे ती तिसऱ्या हिश्शाने घटली! यंत्र तेच, पाणी तेच, केवळ देश बदलला.

अशा विलासी गाड्यांचा हा मुलूख नव्हे. येथे कामास आली ती जीपगाडी आणि सागाचे ओंडके वाहणारा ट्रक. गडचिरोलीहून आष्टी, आलापल्ली करीत सिरोंच्याकडे निघालेली जुनी गाडी चढावर फुसफुसू लागली, की चालक ती सावलीला उभी करी, बॉनेट उघडून ठेवी आणि पुढे लटकावलेल्या छागलीतून स्वतःही पाणी पिई. इंजिनाला मात्र तो लगेच पाजीत नसे. रेडिएटरचे घट्ट झाकण आतील दाब वाढवून पाण्याची उकळी शंभर अंशांच्या पुढे ढकलते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की ते पाणी कारंज्यासारखे अंगावर येते. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे, भाजलेल्या हातांचे आहे.

आता माणसाच्या गारव्याकडे वळू. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार पुढे आणली. तिचे यंत्र सामानाची निम्मी जागा अडवी, आणि ते कायमचे थांबवावयाचे तर पट्टा काढून ठेवावा लागे. स्पोर्ट्स गाड्यांनी हे ओझे नाखुशीनेच पत्करले. १९६३ च्या कॉर्व्हेट गाड्या एकवीस हजारांवर खपल्या. त्यांपैकी अवघ्या २७८ गाड्यांत ही सोय होती. ई-टाइपला ती १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. आणि त्याच वेळी गाडीचे तोंड बरेच रुंद करावे लागले व एकाऐवजी दोन पंखे बसवावे लागले. हा योगायोग नव्हे. गारव्याचे यंत्र आतली उष्णता उचलते आणि पुढच्या जाळीतून बाहेर टाकते. त्या जाळीमागेच रेडिएटर उभा. म्हणजे त्याच्या वाट्याला आधीच तापलेली हवा येते. शिवाय यंत्र फिरविण्याचे श्रमही इंजिनालाच! म्हणून जुन्या गाडीत हौसेने नवे वातानुकूलन बसविणाऱ्याने आधी रेडिएटर आणि पंखा यांची चौकशी करावी. नाही तर भर दुपारी एसी बंद करून, उलट हिटर चालू करून इंजिनाचा ताप आपल्या अंगावर घेण्याची पाळी येते. माणसाने ऊब सोसावी तेव्हा यंत्र निवते, असा हा न्याय आहे.

आपली वाळ्याची ताटी या न्यायातून पुष्कळशी सुटते. तिच्यातील पाणी हवेची उष्णता घेऊन वाफ होते. अमेरिकेतही एके काळी याच तत्त्वावरचे नळकांडे मोटारीच्या खिडकीला अडकवीत. इंजिनावर भार नाही. मात्र हवा कोरडी हवी आणि पाणी हवे.

आणि पाण्यापाशीच सारा प्रश्न येऊन थांबतो. उष्णता नाहीशी होत नसते, ती फक्त जागा बदलते. चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र आज २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. दूरदूरच्या शहरांतील खोल्या थंड करणाऱ्या विजेत त्याचाही वाटा आहे. कोळसा मात्र येथे जळतो आणि पाणी इरई धरणाचे आटते. २०१० च्या उन्हाळ्यात ते पाणी घटले, तेव्हा केंद्रातील संच बंद ठेवावे लागले. रेडिएटर कोरडा पडला की इंजिन थांबते, हा मोटारीचा नियम एका अख्ख्या जिल्ह्याला लागू झाला!

गारवा कोणी घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. वैशाखातल्या चंद्रपुरात तसे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु मायबाखने इंजिनापुढे जो प्रश्न सोडविला, तो आपल्या घरांपुढे, गावांपुढे आजही उभा आहे. आपण टाकलेला ताप जातो कोठे, आणि तेथे कोण उभे असते? बंद काचेच्या गाडीमागून उन्हात सायकल हाणणारा मनुष्य हा त्या हिशेबातला आकडा आहे. तो आकडा मांडल्यावाचून गारव्याचा कोणताही हिशेब पुरा होत नाही.