शिरस्त्राणाच्या कांठावरील छिद्रें

युद्धकालीन वस्तूंचा संग्रह म्हटला कीं तलवारी, पदकें व बंदुका डोळ्यांपुढें येतात. परंतु इंग्लंडांत संग्राहकांचा एक वर्ग असा आहे कीं, जो रणांगणावर न गेलेल्या शिरस्त्राणांच्या मागें असतो. दुसऱ्या महायुद्धांत नागरी संरक्षणाचें काम करणारे शिक्षक, कारकून, दुकानदार व गृहिणी यांचे हे पोलादी टोप होत. हा छंद कोणास पोरकट वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं, आणि त्याचें कारण त्या टोपांच्या कांठावरच सांपडतें.

ब्रिटनमध्यें हवाई हल्ल्यांच्या वॉर्डनांचें दल १९३७ सालीं स्थापन झालें. बहुतेक वॉर्डन बिनपगारी असत, व सहांत एक स्त्री असे. आरंभीं लोकांनीं त्यांची टिंगलच केली. १९३९-४० च्या हिवाळ्यांत लंडनवर बाँब पडले नाहींत, त्यामुळें 'दिवा झांका' म्हणून दारोदार ओरडणारा शेजारी म्हणजे एक नसती ब्याद वाटे. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्र मारा सुरू झाला, तेव्हां ही टिंगल थांबली.

टोपाचा आकार जुनाच होता. जॉन ब्रॉडी यानें १९१५ सालीं पेटंट घेतलेला, पालथ्या थाळीसारखा. त्यावर वॉर्डनासाठीं 'डब्ल्यू', ढिगाऱ्यांतून माणसें काढणारासाठीं 'आर' अशीं अक्षरें रंगवीत. वरिष्ठांचा टोप पांढरा व अक्षर काळें.

आतां त्या छिद्रांकडे वळूं. सैन्यास मँगॅनीजमिश्रित कठीण पोलादाचे टोप लागत. जे टोप त्या कसोटीस उतरत नसत, किंवा जे मऊ पोलादाचेच घडविलेले असत, त्यांच्या कांठाला बारीक छिद्रें पाडीत. हेतु हा कीं, चुकूनही ते आघाडीवर जाऊं नयेत. म्हणजे सैनिकासाठीं नापसंत झालेली वस्तु नागरिकाच्या डोक्यावर चढली! हें वाचून संताप येणें साहजिक आहे. तथापि सरकारची बाजूही अगदींच लंगडी नव्हती. पडत्या विटा, कौलें आणि आपल्याच विमानविरोधी तोफांच्या गोळ्यांचे खालीं येणारे तुकडे यांपासून मऊ पोलादही बऱ्यापैकीं रक्षण करी. पण बाँब जवळ फुटला म्हणजे काय? नागरी संरक्षणाच्या कामांत जवळजवळ ७,००० माणसें मृत्यु पावलीं. हा हिशेब मनांत ठेवून तीं छिद्रें पाहावींत.

मात्र प्रत्येक छिद्राचा अर्थ एकच नसतो. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं लंडनच्या जुन्या पेठांत आगींचें थैमान झालें, आणि जानेवारी १९४१ मध्यें आगींवर पहारा देण्याची सक्ती करणारे हुकूम निघाले. या पहारेकऱ्यांचा उंच डोक्याचा टोप प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांच्या नांवानें ओळखला जातो. त्याच्या भोंवतीं जोडीजोडीनें छिद्रें असतात, पण तीं आंतलें अस्तर बुटाच्या नाडीनें बांधण्यासाठीं. नवखा संग्राहक येथें हटकून फसतो.

फसविणारेही आहेतच. साध्या लष्करी टोपापेक्षां अक्षराच्या टोपास किंमत अधिक, म्हणून जुन्या टोपावर नवें 'डब्ल्यू' काढलें जातें. अक्षराचा रंग गंजाच्या खळग्यांत उतरलेला दिसला, कीं अक्षर गंजानंतरचें समजावें. कांठाच्या खालच्या अंगास ठोकलेलें साल व अस्तरावरील साल हींही ताडून पाहावीं लागतात. याहून वाईट म्हणजे टोप खरा असूनही तो घासूनपुसून रंगविणारे हौशी लोक. आमच्याकडे काळ्या दगडी देवळांस तैलरंग फासण्याची जी आवड आहे, तिचेंच हें विलायती भावंड. अस्तरावर कधीं मालकाचें नांव शाईनें लिहिलेलें असतें. या सफाईंत तेंही जातें.

मे १९४५ मध्यें नागरी संरक्षण दलांना निरोप मिळाला. अनेक टोप परसांतल्या खोपटांत गंजले; कांहींना कांठाजवळ भोंकें पाडून, सांखळ्या लावून, फुलझाडांच्या टांगत्या कुंड्या करण्यांत आल्या. हीं तिसऱ्या प्रकारचीं छिद्रें. असला टोप 'बिघडलेला' म्हणून संग्राहक सहसा दूर सारतात. आमच्या हातीं आला, तर आम्ही तो मातीसकट ठेवूं.