स्नॅपशॉटमधले पक्षी

मणी चँडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 1985च्या संगणकशास्त्रीय निबंधात मला चक्क पक्षी सापडले. प्रश्न असा: संगणक अनेक, सामाईक घड्याळ नाही, बोलणं फक्त निरोपांतून. मग सगळे एकमेकांची वाट पाहत अडकून बसलेत, हे त्यांच्यातल्याच एकाने ओळखायचं कसं? उपमा स्थलांतरी पक्ष्यांनी भरलेल्या आकाशाची. ते एका फोटोत मावत नाही, म्हणून अनेकांनी तुकडे टिपून जोडायचे. पण पक्षी थांबत नाहीत; एखादा दोनदा येईल, एखादा निसटेल. या जोडचित्राचं नाव स्नॅपशॉट.

आता गंमत पाहा. स्नॅपशॉट हा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द. 1808 साली इंग्लंडातल्या पीटर हॉकरच्या रोजनिशीत तो भेटतो: झाडीतून उठलेल्या फेझंट पक्ष्यावर नीट नेम न धरता उडवलेला बार. 1860मध्ये जॉन हर्शेलने तो क्षणात टिपलेल्या छायाचित्राला लावला. काहीजण छायाचित्रातल्या या शब्दाचं मूळ म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ मारेच्या बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतील. उडते पक्षी त्यानेही टिपले, पण 1882मध्ये, म्हणजे हर्शेलनंतर 22 वर्षांनी. तो दावा बाद. (मराठीत आपण फोटो ‘काढतो’, चित्रासारखा, बंदूक आलीच नाही.)

माझं म्हणणं, शब्दाने आपले पक्षी परत आणले. हलणारंच काही हवं होतं म्हणून पक्षी, हा साधा खुलासा मला ठाऊक आहे. पण हलतात तर रस्त्यावरच्या मोटारीही. लॅम्पोर्टच्या आठवणीत मात्र पक्षी नाहीत. आहे ते ऑस्टिनमधलं जेवण, दोघांना जरा जास्तच झालेली वाइन, सकाळी आंघोळीत सुचलेलं उत्तर आणि तेच उत्तर घेऊन बसलेले चँडी. तरी माझा हट्ट कायम.

उत्तर म्हणजे एक खूण. ती पहिल्यांदा मिळताच प्रत्येक संगणकाने आपली स्थिती नोंदवायची आणि पुढचा निरोप धाडण्याआधी खूण सगळ्या वाटांवर सोडायची. इतर वाटांवरून खूण येईपर्यंत जे निरोप येतील, ते वाटेतले पक्षी, तेही टिपायचे. निरोप मात्र पाठवलेल्या क्रमानेच पोचायला हवेत. असं जुळलेलं चित्र कुठल्याही एका क्षणी खरं नसेलही. पण एकदा झालेली कोंडी आपोआप सुटत नाही, म्हणून चित्रात ती दिसली तर आत्ताही आहेच.

डेटाचे प्रवाह हाताळणाऱ्या अपाचे फ्लिंक या प्रणालीत आज याच युक्तीचं एक रूप चालतं. तिथे खुणेला बॅरियर म्हणतात.